चिल्ड्रन (रॉबर्ट माइल्स यांची रचना)

'चिल्ड्रन' (अर्थ: मुले) ही इटालियन संगीतकार व डीजे रॉबर्ट माइल्स यांची शब्दविरहित इलेक्ट्रॉनिक संगीतरचना आहे. ती इटलीत १९९५ साली प्रथम प्रकाशित झाली आणि १९९६ साली सिंगल म्हणून युरोपभर गाजली. ट्रान्स संगीतातील 'ड्रीम ट्रान्स' किंवा 'ड्रीम हाउस' या उपप्रकाराची ती सर्वांत परिचित रचना मानली जाते. रात्रभर नाचलेल्या श्रोत्यांना घरी परतण्यापूर्वी शांत करणे, हा तिच्या निर्मितीमागील एक हेतू होता.

पार्श्वभूमी

माइल्स यांचे मूळ नाव रोबेर्तो कोन्चीना. त्यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९६९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इटालियन कुटुंबात झाला. बालपण इटलीच्या फ्रिउली प्रदेशात गेले. तेथेच ते पियानो शिकले.

या रचनेला दोन प्रेरणा होत्या. माइल्स यांचे वडील मदतकार्यासाठी पूर्वाश्रमीच्या युगोस्लाव्हियात गेले होते. तेथून त्यांनी आणलेल्या छायाचित्रांत युद्धाची झळ बसलेली मुले होती. रचनेचे शीर्षक त्या मुलांवरून आले.

दुसरी प्रेरणा इटलीतील रस्त्यांवरच्या मृत्यूंची होती. १९९०च्या दशकात शनिवारी रात्रभर नाइटक्लबमध्ये नाचून पहाटे दूरच्या गावी गाडी चालवत परतणारे अनेक तरुण अपघातांत दगावत. थकवा, झोप, मद्य व अमली पदार्थ ही त्याची कारणे होती. या अपघातांना इटलीत 'शनिवारच्या रात्रीचे हत्याकांड' अशा अर्थाचे नाव पडले होते. कार्यक्रमाच्या शेवटी वाजवून श्रोत्यांचा आवेग ओसरावा, अशी रचना माइल्स यांना हवी होती.

स्वरूप

रचनेचा आरंभ तालाविना होतो. सिंथेसायझरच्या मंद स्वरांवर पियानोची छोटी सुरावट उमटते, तिची आवर्तने होतात आणि त्यानंतर ठेका सुरू होतो. मध्यंतरी ठेका थांबतो व पुन्हा केवळ सुरावट उरते. लय मिनिटाला सुमारे १३७ ठोके, म्हणजे त्या काळच्या नृत्यसंगीताइतकीच जलद आहे. त्यामुळे या रचनेतील शांतता संथ लयीतून येत नाही. ती साध्या, करुण सुरावटीतून येते. नर्तकाचे पाय थांबत नाहीत, मन मात्र निवते.

आवृत्त्या व रिमिक्स

एखाद्या रचनेतील सुरावट कायम ठेवून ताल, वाद्ये वा लांबी बदलली, की तिचे 'रिमिक्स' तयार होते. ट्रान्स संगीतात एकाच सिंगलमध्ये अशा अनेक आवृत्त्या देण्याची प्रथा आहे. 'चिल्ड्रन'ची सर्वाधिक ऐकली जाणारी आवृत्ती म्हणजे पियानोप्रधान 'ड्रीम व्हर्जन'. ती सुमारे साडेसात मिनिटांची आहे. रेडिओसाठी तिचे संक्षिप्त रूप काढण्यात आले. यांखेरीज 'मेसेज व्हर्जन', 'गिटार मिक्स' आणि 'टिल्ट' या ब्रिटिश समूहाचे 'कोर्टयार्ड मिक्स' प्रसिद्ध आहेत. माइल्स यांच्या निधनानंतर 'टिनलिकर' या डच जोडीनेही या रचनेची नवी आवृत्ती सादर केली.

प्रतिसाद

ब्रिटनमध्ये ही रचना 'डीकन्स्ट्रक्शन' या कंपनीने प्रकाशित केली. तेथील विक्रीक्रमवारीत ती दुसऱ्या स्थानी पोहोचली. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड यांसह १२हून अधिक देशांत तिने प्रथम स्थान मिळवले, तर अमेरिकेतील 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत ती २१व्या स्थानापर्यंत गेली. गायन नसलेल्या रचनेला असे यश क्वचितच लाभते. १९९६ साली आलेल्या 'ड्रीमलँड' या माइल्स यांच्या पहिल्या अल्बममध्येही तिचा समावेश आहे. १९९७ साली त्यांना नवोदित आंतरराष्ट्रीय कलाकारासाठीचा ब्रिट पुरस्कार मिळाला.

पुढील काळात माइल्स या शैलीपासून दूर जाऊन प्रयोगशील संगीताकडे वळले. ९ मे २०१७ रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी, इबिझा येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.