घरची भाषा आणि घरचा धर्म

जेथें घरचा धर्म हाच चव्हाट्यावरचाहि धर्म असतो, तेथें तो मुलांस शिकवावा लागत नाहीं; वाऱ्यापाण्याबरोबर तो अंगीं मुरतो. कसोटी लागते ती शेजार भिन्न असतां. आम्ही राहतों त्या पांढरकवड्याच्या बाजारांत मराठी, तेलुगु, गोंडी व कोलामी या भाषा एकाच सकाळीं कानीं पडतात. त्यामुळें अल्पसंख्य समाज आपली श्रद्धा मुलांच्या हातीं कशी देतो, हा प्रश्न आम्हांस केवळ पुस्तकी वाटत नाहीं. गोमंतक व वसई येथील कॅथलिक समाजाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्विट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. लिपि रोमन, विषय बायबलाचा, पण ओवी अस्सल मराठी! सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचें निमित्त त्याच्या आरंभींच सांगितलें आहे. मुलांस धर्मतत्त्वें शिकविलीं जात असतां एका ब्राह्मणानें पृच्छा केली, कीं आमचीं जुनीं पुराणें तुम्ही वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण कां देत नाहीं? प्रश्न मोठा मार्मिक होता. प्रश्नोत्तरें घोकून मुलाची जीभ वळते. मन वळतें तें कथेनें. स्टीफन्सनें हें ओळखलें आणि ज्या छंदांत त्या मुलांचे आजे-पणजे पुराण ऐकत आले, तोच छंद स्वीकारला. त्याचें कोंकणींतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचें पुस्तकहि त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ सालीं, निघालें.

परंतु या गोड चित्रामागें राजसत्तेचा दंडा उभा होता, हें विसरून चालणार नाहीं. १५६० पासून गोव्यांत इन्क्विझिशन होतें. १६८४ सालीं व्हाइसरॉयनें हुकूम काढला, कीं लोकांनीं तीन वर्षांत कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलावें. १७३६ च्या फर्मानानें लग्नांतील विड्या-फुलांच्या देवघेवीपासून अंगणांतल्या तुळशीपर्यंत अनेक गोष्टींवर बंदी घातली. आईनें ज्या भाषेंत बाळास प्रार्थना शिकवावयाची, तीच भाषा निषिद्ध! धर्मप्रसाराच्या नांवाखालीं याहून आत्मघातकी उपाय आम्हांस तरी सुचत नाहीं. सुदैवानें हुकूम दप्तरांत राहिला आणि कोंकणी स्वयंपाकघरांत राहिली.

वसईची गोष्ट याच्या उलट बाजूनें बोलकी आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली आणि तेथील ख्रिस्ती रयतेच्या पाठीवरचा पोर्तुगीज सत्तेचा हात नाहींसा झाला. श्रद्धा केवळ धाकानें टिकली असती, तर ती तेव्हांच ओसरावयास हवी होती. ती ओसरली नाहीं. एतद्देशीय धर्मगुरूंनीं आणि त्याहून अधिक, आमच्या मतें, घरोघरच्या बायकांनीं ती राखली. या मंडळींची बोली सामवेदी वा वाडवळी. शेतीभाती, वेशभूषा व नात्यांचीं नांवें शेजाऱ्यांच्या जवळचीं. वेदीवरची मिस्सा मात्र लॅटिन. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें (१९६२-६५) लोकभाषेस मुभा दिल्यावर चर्चमध्यें मराठी आली. घरांत ती होतीच.

अशा घडणींतून देशकार्यास माणसें मिळालीं नाहींत असें नव्हे. माझगांवचे जोसेफ बॅप्टिस्टा हे कॅथलिक, टिळकांचे निकटचे सहकारी आणि १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष. लोक त्यांना ‘काका’ म्हणत. या एका शब्दांत बरेंच कांहीं आलें.

जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांस लाभलें. एका पाद्र्यास हा मान कसा, असा आक्षेप त्या वेळीं कांहींनीं घेतला. मराठींतील अगदीं आरंभींच्या छापील ग्रंथांपैकीं एक पाद्र्यानेंच लिहिलेला आहे, हें त्या मंडळींच्या ध्यानांत आलेलें दिसलें नाहीं.