कामा हॉस्पिटल: जिथे साहेबाच्या खुर्चीत बाई बसली

आजचा भाग एका हॉस्पिटलवर आहे. कामा हॉस्पिटल म्हटलं की आपल्या पिढीला पहिल्यांदा २६/११ आठवतं. त्या रात्री अतिरेकी आत घुसले होते आणि तिथल्या नर्सनी वॉर्डातल्या गरोदर बायकांना लपवून वाचवलं. ते बहुतेकांनी ऐकलंय. पण सीएसएमटीच्या इतक्या जवळ, फक्त बायका आणि लहान मुलांसाठी एवढं मोठं हॉस्पिटल का बांधलं गेलं? त्यासाठी १८८०च्या आसपासच्या मुंबईत जाऊ या.

तेव्हा मुंबईत दवाखाने नव्हते असं नाही. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्येच सुरू झालं होतं, शेजारी जे. जे. हॉस्पिटल होतं. पण डॉक्टर सगळे पुरुष. आणि परक्या पुरुषाने तपासण्यापेक्षा दुखणं अंगावर काढलेलं बरं, असं कितीतरी घरांत मानलं जायचं. मग बाळंतपण सुइणीच्या भरवशावर. काही अडलं तर पुढे कोणी नाही. म्हणजे हॉस्पिटल घरापासून दोन मैलांवर असूनही अर्ध्या शहरासाठी ते जवळजवळ नसल्यासारखंच.

आनंदीबाई जोशींची गोष्ट आठवा. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, मुलगा दहा दिवसांत गेला. १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्याआधी श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या, कॉलेजात त्यांनी भाषण केलं. मुद्दा हाच, की इथे बायकांना बायका डॉक्टर हव्यात.

त्याच सुमारास मुंबईत दोन माणसं या प्रश्नाच्या मागे लागली होती. एक सोराबजी शापूरजी बंगाली, पारशी समाजसुधारक. दुसरा जॉर्ज किट्रेज, अमेरिकन व्यापारी. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू करणाऱ्या ‘स्टर्न्स अँड किट्रेज’ कंपनीतला तो किट्रेज! दोघांनी निधी उभारला. इंग्लंडहून डॉक्टरीण आणायची, बायका-मुलांसाठी हॉस्पिटल आणि दवाखाना काढायचा, आणि इथल्या मुलींना डॉक्टरीचं शिक्षण मिळवून द्यायचं, असा बेत. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी हॉस्पिटलसाठी लाखाहून जास्त रुपये दिले. त्या काळातले लाख, बरं का.

पण मला या सगळ्यात सगळ्यात भारी वाटते ती त्यांची अट. हॉस्पिटलचा कारभार डॉक्टर बाईच्याच हातात असेल. वर कुणी साहेब बसवायचा आणि बाईने त्याच्या सहीची वाट बघायची, हे चालणार नाही. आमच्या क्षेत्रात म्हणतात तसं, नुसतं लॉगिन देऊन भागत नाही, ॲडमिन ॲक्सेस कोणाकडे आहे ते बघायचं. देणगी देणारे खूप असतात. अधिकार कुणाकडे राहील हे आधीच ठरवून घेणारे फार थोडे.

आणि त्यांनी आणलेली बाईही तशीच खमकी. डॉ. एडिथ पेची. एडिनबरा विद्यापीठात वैद्यकीला प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या सात जणींपैकी एक. १८७० मध्ये रसायनशास्त्रात तिने अव्वल गुण मिळवले, तरी तिच्या हक्काची शिष्यवृत्ती तिच्याहून कमी गुणांच्या मुलाला दिली गेली. त्याच वर्षी या मुली परीक्षेला निघाल्या तर दारात जमाव उभा. चिखलफेक झाली, आणि हॉलमध्ये चक्क मेंढी सोडली गेली! एडिनबराने पदवी दिलीच नाही, ती तिने पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला घेतली. १८८३च्या डिसेंबरमध्ये पेची मुंबईत उतरली. कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झालं आणि सूत्रं तिच्या हातात आली. दरम्यान १८८३ मध्येच ग्रँट मेडिकल कॉलेजचे दरवाजे मुलींना उघडले होते.

१८८६ सालच बघा ना. इकडे कामा उघडतंय, तिकडे फिलाडेल्फियात आनंदीबाई एम.डी. होतायत. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये बायकांच्या वॉर्डाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. पण त्या परतल्या ते क्षय घेऊनच, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, गेल्या. एकाही दिवसाचं काम करता आलं नाही.

पेचीने मात्र स्वतःला वॉर्डापुरतं ठेवलं नाही. रखमाबाईंचा खटला तेव्हा गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी मोठेपणी नवऱ्याकडे जायला नकार देते, आणि १८८७ मध्ये कोर्ट सांगतं, एकतर नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे तडजोड झाली आणि त्या डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या. त्यांना पाठिंबा देणाऱ्यांत पेची होती. बालविवाहाविरुद्धही ती मुंबईत उघडपणे बोलली. कोवळ्या वयातल्या बाळंतपणांचं काय होतं हे ती टेबलावर रोज बघत असणार, मग गप्प कशी बसेल?

आता एक टोचणारी बाजू. खुर्ची बाईची झाली खरी, पण कितीतरी वर्षं ती खुर्ची गोऱ्या बाईची होती. हिंदी मुली शिकून तयार होत होत्या तरी वरच्या जागा बहुतेक विलायतेहून येणाऱ्यांना मिळायच्या. कामा सुरू करणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही, पण एक दार उघडताना दुसरं तसंच बंद राहिलं, हेही सांगायला हवं.

ते उघडलं जेरुशा झिराड यांच्यासारख्या बायकांनी. बेने इस्रायली, म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या ज्यू समाजातल्या. त्या अकरा वर्षांच्या असताना त्यांची बहीण खूप आजारी पडली, आणि कामा हॉस्पिटलमध्ये डॉ. बेन्सन या बाईंच्या उपचारांनी वाचली. तेव्हाच जेरुशाने ठरवलं, आपण डॉक्टर व्हायचं. १९१९ मध्ये लंडनहून एम.डी. झाल्या. आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत कामा हॉस्पिटलच्या प्रमुखाच्या खुर्चीत डॉ. जेरुशा झिराड बसत होत्या.