छातीतला वळणरस्ता

माझ्या छातीवर मधोमध एक व्रण आहे आणि डाव्या पायावर दुसरा. बायपासला सहा वर्षं झाली. घरी आल्यावर मी ज्याला त्याला सांगत सुटलो, ‘हृदय नवंकोरं झालं!’ पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी तो भ्रम दूर केला. ‘‘कविमहाशय, जुना रस्ता खराबच आहे. आम्ही फक्त वळणरस्ता काढून दिलाय. तो टिकवणं बरंचसं तुमच्या हाती.’’

किती वर्षं टिकणार? मी साधा बी.ए. झालेला माणूस. पण या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचत गेलो आणि उत्तराचा धागा तिथं सापडला.

फेब्रुवारी १९६४ मध्ये लेनिनग्राडच्या वासिली कोलेसोव यांनी छातीच्या भिंतीतली धमनी हृदयाच्या धमनीला जोडली. त्यांच्याच देशातल्या जाणकारांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. मग मे १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी पायातल्या शिरेचा तुकडा वापरून अडथळा ओलांडला. हे फावालोरो अर्जेंटिनाचे. त्याआधी बारा वर्षं एका खेड्यात डॉक्टरकी केलेले. शीर काढणं आणि जोडणं तुलनेनं सोपं, म्हणून त्यांची पद्धत जगभर गेली. १९७५ मध्ये ती भारतातही आली.

पण पायातल्या शिरेला धमनीतल्या दाबाची सवय नसते. तो दाब सोसून तिच्या भिंती जाड होतात, आत चरबी साचते. दहा वर्षांत अशा जवळपास निम्म्या शिरा बंद पडतात. छातीतली धमनी मात्र दहापैकी नऊजणांत तेव्हाही वाहती असते. १९८६ मध्ये क्लीव्हलँडच्याच डॉक्टरांनी हजारो रुग्णांच्या नोंदींवरून दाखवून दिलं, की ही धमनी जोडलेले लोक अधिक जगतात. कोलेसोव यांची वाट खरी ठरायला बावीस वर्षं लागली. आज हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला बहुतेक ठिकाणी हीच धमनी जोडतात. मलाही जोडली आहे. बाकीच्या दोन ठिकाणी पायातली शीर आहे.

हे झालं डॉक्टरांच्या हातातलं. वय, मधुमेह, मूत्रपिंडं, शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयात उरलेली ताकद, यांवरही पुढचं आयुष्य ठरतं. आणि उरलेलं आपल्या हातात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला १९७०च्या दशकात शस्त्रक्रिया झालेल्यांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांनी नंतर धूम्रपान सोडलं, ते न सोडणाऱ्यांपेक्षा सरासरी तीन वर्षं अधिक जगले.

हे वाचताना माझ्या शेजारच्या खाटेवरचे चाचा आठवले. आमची शस्त्रक्रिया एकाच आठवड्यातली. बरं वाटू लागताच त्यांनी गोळ्या बंद केल्या, विडी पुन्हा ओठांत आली. चौथ्या वर्षी ते गेले. त्यांची साखर जास्त होती, हृदयही अशक्त. सगळा दोष विडीला देणार नाही. पण दोष द्यायला मला तोंड तरी कुठं आहे? पहिल्याच वर्षी एका मुशायऱ्यानंतर मीही मंडपामागं जाऊन सिगारेट पेटवली होती. त्यांच्या दफनविधीहून परतलो आणि उरलेलं पाकीट फेकून दिलं.

आता फजरच्या नमाजनंतर पाऊण तास चालतो. रक्तदाब मोजतो. रात्री जेवण झालं, की बायको आतून विचारते, ‘‘अहो, गोळ्या घेतल्या?’’ पूर्वी या प्रश्नाचा राग यायचा. आता वाटतं, माझ्या वळणरस्त्यावर रोज झाडू मारणारं कुणीतरी आहे.