इंजिन बदलताना वेगळा गिअरबॉक्स : बसणे आणि जुळणे

जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवण्याचे काम काही हौशी मंडळी घरच्या अंगणातच हाती घेतात. सीजे-३बी जीपच्या हरिकेन इंजिनामागे तीन वेगांचा टी-९० गिअरबॉक्स असे. नव्या इंजिनासोबत तोही बहुधा बदलावा लागतो.

मात्र बोल्ट लागले म्हणजे गिअरबॉक्स जुळला, असे नव्हे. क्लच प्लेटचे दाते इनपुट शाफ्टच्या दात्यांशी आणि शाफ्टचे टोक पायलट बेअरिंगशी जुळले पाहिजे. बेल हाउसिंगचे मधले छिद्र क्रँकशाफ्टशी एककेंद्री आहे का, हे डायल गेजने तपासावे. पूर्ण फेऱ्यात काटा ०.२५ मिलिमीटरहून अधिक हलल्यास गिअर अडकतात, बेअरिंग झिजते. गिअरबॉक्सची लांबी वेगळी असल्यास प्रोपेलर शाफ्ट त्या मापाचा करून त्याचे बॅलन्सिंग करून घ्यावे. निर्मलजवळच्या महबूब घाटात उतारावर गिअर निसटल्यास सारा भार ब्रेकवर येतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारा, मूळ निर्मात्याच्या रचनेहून वेगळा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन क्रमांक व इंधन हे त्याच तपशिलात येतात. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी आदिलाबादच्या परिवहन कार्यालयात विचारणा करावी.