हौशी रेडिओ आणि संगणक (पहाडगंज, दिल्ली)

हौशी रेडिओ : मोबदला न घेता, केवळ आवडीपोटी आणि सरकारी परवाना घेऊन बिनतारी संदेशांची देवाणघेवाण करण्याचा छंद. तो करणाऱ्याला जगभर 'हॅम' म्हणतात. बाजारातून तयार संच आणून नुसते बोलत राहणारा हॅम वेगळा आणि संच उघडून त्यात हात घालणारा वेगळा. ही नोंद दुसऱ्याविषयी आहे. गेल्या पंचवीसेक वर्षांत त्याच्या टेबलावर सोल्डरिंग गनच्या शेजारी संगणक येऊन बसला आहे. या संगणकाचा स्वभाव दुहेरी आहे. तो स्वतः रेडिओत गोंगाट सोडतो आणि गोंगाटात बुडालेला संदेश शोधूनही तोच देतो. दाट वस्तीत राहणाऱ्या हौशी माणसाला या दोन्ही गोष्टी रोज अनुभवायला मिळतात. म्हणून येथे पहाडगंज ही वस्ती उदाहरणादाखल घेतली आहे.

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाला लागून असलेला हा भाग मराठी माणसाला बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा यांमुळे परिचयाचा आहे. रेडिओच्या छंदाला तो आणखी एका कारणाने सोयीचा पडतो. नवी दिल्ली स्थानकातून मेट्रोने निघाले की चावडी बाजारनंतर चांदनी चौक येते, आणि तेथून थोडे चालले की लाल किल्ल्यासमोरचे लाजपतराय मार्केट. कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर, कोअॅक्स केबल, कनेक्टर असा सुटा माल तेथे मिळतो. पहाडगंजच्या दुसऱ्या टोकाला रामकृष्ण आश्रम मार्ग स्थानक आहे. तेथून झंडेवालान सोडून पुढे करोल बाग लागते. करोल बागेतल्या गफ्फार मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीवाल्यांची बारीक टोकाची हत्यारे सापडतात. संगणकाच्या मालासाठी दक्षिणेला नेहरू प्लेस आहे. परवाना देणारे खाते अशोक रोडवरच्या संचार भवनात आहे. पुण्याच्या हौशी माणसाला तपकीर गल्ली आणि मुंबईकराला लॅमिंग्टन रोड जसा, तसा दिल्लीकराला हा चौकोन. माल आणि परवाना या दोन्ही गोष्टी इतक्या जवळ असणे ही दिल्लीची खरी सोय आहे.

इतिहास : भारतातील पहिले हौशी रेडिओवाले म्हणून कोलकात्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचे नाव घेतात. १९२१ साली त्यांची स्थानखूण (कॉल साइन) '२जेके' होती. भारतीय स्थानखुणांचा 'व्हीयू' हा उपसर्ग १९२९ पासून लागू झाला. दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने नवे परवाने थांबवले आणि हौशी लोकांना आपले ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करायला लावले. १९४२ च्या आंदोलनात मुंबईहून बोलणाऱ्या भूमिगत काँग्रेस रेडिओमागे उषा मेहता आणि त्यांचे सहकारी होते, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. त्याचा ट्रान्समीटर उभारणारे नरिमन प्रिंटर हे हौशी रेडिओतून आले होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी महू येथील लष्कराच्या सिग्नल प्रशिक्षण शाळेत पहिला राष्ट्रीय क्लब निघाला. पुढे त्याचे मुख्यालय दिल्लीला आले आणि १९५४ मध्ये 'अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' हे नाव त्याला मिळाले. परदेशी संच फार महाग असल्यामुळे त्या काळच्या भारतीय हॅमला घरीच जोडाजोडी करावी लागे. जुन्या लष्करी मालातून सुटे भाग काढायचे आणि त्यांतून नवा संच उभा करायचा, या सवयीतूनच पुढची सगळी घडण झाली.

बिटएक्स : या छंदाला भारताने दिलेली सर्वांत मोलाची देणगी म्हणजे हैदराबादचे अश्हर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी आखलेला 'बिटएक्स' संच. २००३ च्या सुमारास आलेला मूळ आराखडा १४ मेगाहर्ट्झवर सुमारे ६ वॉट शक्तीने बोलण्यासाठी होता. आपल्याकडच्या बाजारात जे मिळेल त्यातच तो बनला पाहिजे, ही त्यामागची अट होती. परदेशी आराखड्यांत वेटोळी गुंडाळायला फेराइटची कडी लागतात. ती मिळेनात तेव्हा येथे नळाचा प्लॅस्टिकचा वॉशर वापरला गेला. संगणकाच्या बोर्डावर सर्रास आढळणारे १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल ओळीने जोडून गाळणी तयार झाली. शेवटच्या टप्प्याला रेडिओसाठी मुळात न बनवलेला, पण स्वस्त असा आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर घातला. या मंडलाचे वैशिष्ट्य दोन्ही दिशांनी चालण्यात आहे. ऐकताना संदेश ज्या भागांतून आत येतो, त्यांतल्या बहुतेकांतून बोलताना तो उलट बाहेर जातो. त्यामुळे भाग जवळजवळ निम्मे लागतात. हा आराखडा फरहान यांनी सर्वांसाठी खुला ठेवला, आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो आपापल्या टेबलावर उतरवला.

संगणकाची जोड याच घराण्यात स्पष्ट दिसते. जुन्या बिटएक्समध्ये वारंवारता बदलायला फिरता कंडेन्सर होता. खोली तापली की वारंवारता सरकायची आणि समोरच्याचा आवाज हळूहळू बदकासारखा होत जायचा. २०१६ नंतरच्या बिटएक्स४० ला 'रॅडुइनो' नावाचा छोटा बोर्ड मिळाला. त्यात आर्डुइनो नॅनो, एसआय५३५१ ही घड्याळाची चकती (चिप) आणि दोन ओळींचा पडदा एवढेच असते. नॅनोची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. तरी हव्या त्या वारंवारतेचा हिशेब करून ती चकतीला कळवण्याचे काम तो बिनचूक करतो. २०१७ च्या अखेरीस आलेल्या मायक्रो-बिटएक्समध्ये सर्व लघुलहरी पट्टे बसले. २०२२ च्या एसबिटएक्समध्ये तर रास्पबेरी पाय हा छोटा संगणकच संचाचा मेंदू आहे. आवाज वेगळा करणे, गाळणे, उलगडणे ही कामे तेथे आकडेमोडीने होतात. ज्या कामाला पूर्वी वेटोळे लागे, त्याला आता प्रोग्रामची काही पाने लागतात. तरीही अँटेनाकडून येणारी तार, शेवटचा ट्रान्झिस्टर आणि त्यानंतरची गाळणी यांना आकड्यांचा पर्याय नाही. तेथे हातच लागतो.

नवशिक्याने यातले एक काम तरी स्वतः करून पाहावे. एसआय५३५१ ची तयार पट्टी नॅनोला चार तारांनी जोडायची : वीज, जमीन आणि दोन संदेशवाहक तारा. सोल्डरिंग गनचे टोक आधी ओल्या स्पंजवर पुसून घ्यावे. मग पिन आणि पट्टी दोन्ही एकदम तापवाव्यात आणि कथील टोकाला न लावता जोडाला लावावे. जोड चांगला झाला की कथील पिनेभोवती पसरून चकाकते. गोळा होऊन बसले तर जोड कच्चा राहिला असे समजावे. प्रोग्राम चढवून ७.१ मेगाहर्ट्झ मागितले आणि शेजारच्या रिसिव्हरमध्ये नेमकी तेथे शीळ ऐकू आली, की आकडा आणि लहर यांचे नाते एका क्षणात कळते. पुस्तकातून ते इतके नीट कळत नाही.

अंकीय संदेशपद्धती : येथे संगणक दुसऱ्या रूपात भेटतो. १९९३ चे भौतिकीतील नोबेल मिळवणारे जो टेलर (के१जेटी) हे स्वतः हॅम आहेत. दुर्बल संदेश गोंगाटातून वेगळा काढण्याचा ध्यास घेऊन त्यांनी सहकाऱ्यांसह अनेक पद्धती रचल्या. त्यांतली एफटी८ ही पद्धत २०१७ पासून विलक्षण पसरली. दर पंधरा सेकंदांची एक पाळी असते, तीत १२.६४ सेकंद आठ सुरांचा एक तुकडा पाठवला जातो आणि उरलेल्या वेळात संगणक उत्तर शोधतो. संदेशात स्थानखूण, ठिकाणाचा नकाशावरील चौकोन आणि संदेश किती जोरात आला याचा आकडा, एवढाच मजकूर. बोलण्याला अडीच हजारांच्या आसपास हर्ट्झ रुंदी लागते, याला सुमारे ५० पुरते. त्यामुळे कानाला काहीच ऐकू येत नसताना पडद्यावर नाव उमटते. अट एकच : दोन्हीकडची घड्याळे सेकंदाच्या आत जुळलेली हवीत. इंटरनेट नसेल तेथे स्वस्त जीपीएस पट्टीवरून वेळ घ्यावी. संदेशात जाणाऱ्या चौकोनांपैकी पहाडगंजचा एमएल८८, मुंबईच्या बहुतांश भागाचा एमके६९, पुण्याचा एमके६८ आणि नागपूरचा एमएल९१ आहे. एफटी८ मध्ये गप्पा होत नाहीत, हा तिच्यावरचा आक्षेप खरा आहे. पण घराला चांगली अँटेना लावण्याची सोय नसलेल्या माणसाला ती पद्धत जगाचे दार उघडून देते, आणि माझ्या मते हे पारडे जड आहे.

ऐकण्याची साधने : दूरचित्रवाणीसाठी बनलेली आरटीएल२८३२यू चकतीची यूएसबी पट्टी संगणकाला कच्चा रेडिओ पुरवू शकते, हे २०१२ च्या सुमारास सर्वांना कळले आणि थोड्या पैशांत रुंद पट्ट्यांचा रिसिव्हर घरोघर आला. पडद्यावर लहरींचा 'धबधबा' खाली वाहत राहतो. उभी रेघ म्हणजे कोणीतरी बोलते आहे, आणि तुटक रेघा म्हणजे मोर्स. गच्चीवरून याचा सर्वांत आनंददायी उपयोग म्हणजे अंतराळस्थानक ऐकणे. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाते आणि एका फेरीत फार तर दहा मिनिटे ऐकू येते. साधी अँटेना घरी होते : १४५ मेगाहर्ट्झसाठी चौथाई लहर म्हणजे सुमारे ४९ सेंटिमीटर. सुताराची पोलादी टेप तेवढी कापून, टोकाचा रंग खरवडून, डाग दिला की झाले. अंतराळवीरांकडून कधी कधी १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रे येतात. दोन मिनिटांचा चिवचिवाट ऐकत बसायचे आणि पडद्यावर एकेक ओळ उतरताना पाहायची. स्थानक डोक्यावरून सरकते तशी वारंवारताही सरकते : येताना तीनेक किलोहर्ट्झ वर, जाताना तितकीच खाली. शाळेत डॉप्लर शिकवताना हे दाखवले पाहिजे.

भारताचा स्वतःचा हौशी उपग्रह हॅमसॅट ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ ने कक्षेत गेला. तो ४२.५ किलोचा होता आणि त्यात दोन पुनःप्रक्षेपक होते, एक भारतीय आणि एक डच विद्यार्थ्याने बनवलेला. दोन वर्षे चालेल अशी अपेक्षा असताना तो २०१४ पर्यंत चालला.

गोंगाट : पहाडगंजात लघुलहरींवर ऐकायला बसणाऱ्याचा पहिला सामना याच्याशी होतो. हॉटेलांच्या एलईडी पाट्या, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, लिफ्टच्या मोटारी असे सगळे मिळून पट्ट्यावर एक जाड चादर पसरवतात. स्वतःचा गोंगाट आधी शोधावा. रिसिव्हर बॅटरीवर लावून घराचा मुख्य स्विच बंद करावा. चादर पातळ झाली तर दोषी घरातच आहे, आणि बहुधा तो रास्पबेरी पायचा स्वस्त अॅडाप्टर असतो. त्याऐवजी ट्रान्सफॉर्मरचा जुन्या धाटणीचा पुरवठा वापरावा, तारांवर फेराइटचे कडे चढवावे आणि संगणक अँटेनेपासून लांब ठेवावा. शेजाऱ्यांच्या गोंगाटावर वळवता येणारी वेटोळी अँटेना उपयोगी पडते. ती फिरवत गेले की एका दिशेला गोंगाट एकदम खाली बसतो. ७ मेगाहर्ट्झची साधी द्विध्रुव अँटेना मात्र सुमारे २० मीटर लांब असते, आणि इतकी सरळ जागा येथल्या गच्चीला क्वचितच असते. मधला भाग उंच धरून दोन्ही बाजू उतरत्या सोडल्या तरी ती चालते आणि संध्याकाळी मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचते. विजेच्या तारांवरून किंवा रस्त्यापलीकडे अँटेनाची तार कधीही फेकू नये. या गल्ल्यांत डोक्यावर इतक्या तारा लोंबतात की ही चूक जीवावर बेतू शकते.

आपत्तीतील उपयोग : २००४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) हौशी रेडिओ मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप आणि त्सुनामीने अंदमानचे टेलिफोन तुटले. त्यांचे स्थानक तेव्हा मुख्य भूमीशी बोलणाऱ्या मोजक्या दुव्यांपैकी एक ठरले. बेटांवर अडकलेल्यांची खुशाली त्या दुव्यावरून घरी पोहोचली. गल्लीतल्या गच्चीवरचा सराव कोठे कामी येतो याचे यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

परवाना व मर्यादा : हौशी सेवेचे नियम १९७८ चे आहेत आणि त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. परवान्याचे दोन वर्ग आहेत. मर्यादित वर्गाला मोर्स लागत नाही आणि त्याची स्थानखूण व्हीयू३ ने सुरू होते. सर्वसाधारण वर्गाला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स यावे लागते आणि खूण व्हीयू२ ने सुरू होते. संगणकवाल्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : हौशी पट्ट्यांवर गुप्त सांकेतिक संदेश चालत नाहीत आणि पैशाचा व्यवहारही चालत नाही. ज्यांना बागेतल्या ओलाव्याची नोंद कूटबद्ध करून पाठवायची आहे त्यांच्यासाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा बिनपरवाना पट्टा खुला आहे, आणि 'लोरा' पट्ट्या तेथे नीट चालतात. दिल्लीत हातातला संच बाहेर नेताना परवान्याची प्रत खिशात ठेवावी. राजधानीत बंदोबस्ताच्या दिवसांत तो विचारला जाणे स्वाभाविक आहे. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' या सोयीतून भरता येतो, आणि वयाची बारा वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींना परीक्षेला बसता येते.