उन्हाळी सांदवाडी : आजचे ताट आणि रोवणीची बेगमी

वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की भंडारा जिल्ह्यातील भाजीबाजाराचे रूप पालटते. पालेभाज्या दुपारपर्यंत माना टाकतात, आवक रोडावते आणि भाव चढतात. अशा दिवसांत घरामागील सांदवाडीतील चार वाफेच अनेक घरांचे ताट सावरतात. धानाचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याची ओळख आहे. 'भंडारा चिन्नोर' या सुवासिक तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. मात्र भाताबरोबर कालवायला काय, हा प्रश्न उन्हाळ्यात दररोज उभा राहतो. त्याचे उत्तर बाजारापेक्षा परसबागेतच अधिक स्वस्तात मिळते.

उन्हात तग धरणारी पिके

भेंडी, गवार, बरबटी (चवळीच्या शेंगा), वांगी, दोडका, कारले, काकडी, लवकी (दुधी भोपळा) आणि कोहळे (लाल भोपळा) ही उन्हाळ्यात साधणारी पिके होत. अंबाडी आणि चिवळ या पालेभाज्याही या दिवसांत हाती येतात. कुंपणाला शेवग्याचे एखादे झाड असले तर शेंगा आणि पाला दोन्ही मिळतात. वेली मांडवावर चढवल्यास त्यांच्या सावलीत सांभाराचा (कोथिंबिरीचा) लहान वाफा तगतो.

खरी अडचण पाण्याची असते. विहिरी खोल जातात, नळाला पाणी मोजके येते. त्यामुळे भांडी-भाज्या धुतलेले पाणी वाफ्यांकडे वळवण्याची पद्धत जुनीच आहे. साबणाचे पाणी मात्र कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या काकडी-सांभाराला देऊ नये. पाणी सायंकाळी द्यावे आणि आळ्यात धानाच्या तणसाचे आच्छादन घालावे. ओल अधिक काळ टिकते. बियाणे व लागवडीच्या मार्गदर्शनासाठी साकोली येथे कृषी विज्ञान केंद्र आहे.

तोडणी पहाटे, चिरणी आयत्या वेळी

भाजी ऊन चढण्यापूर्वी तोडावी. तेव्हा तिच्यात पाणी पुरेसे असते आणि ती लवकर कोमेजत नाही. भाजी आधी धुवावी व मग चिरावी. चिरून पाण्यात ठेवल्यास 'क' जीवनसत्त्व पाण्यावाटे निघून जाते. शेवग्याचा पाला, अंबाडी यांसारख्या पालेभाज्यांत लोह असते. जेवताना सोबत लिंबाची फोड किंवा कैरी असली तर ते शरीराला अधिक चांगले मिळते. वरणात कैरीची फोड टाकण्याच्या जुन्या रीतीला असा आधार आहे.

चिवळीची भाजी ही उन्हाळ्याची खास ओळख. पाने बारीक, देठ कोवळे. निवडायला वेळ लागतो, कारण मुळाशी माती धरलेली असते. तीन-चार पाण्यांतून धुऊन, लसूण व मिरचीच्या फोडणीवर भिजवलेल्या मूगडाळीसह ती परतली की पाच-सात मिनिटांत होते. बेसन पेरूनही करतात.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यावरील रोडगे

विदर्भात भट्टीशिवायची भाजणी म्हणजे रोडगे. कणीक थोडी जाडसर दळलेली असावी. तीत मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळावी. पोळी लाटून, तेल लावून, घड्या घालून गोळा वळला की आत पापुद्रे सुटतात. गोवऱ्यांचा जाळ पूर्ण विझून लाल निखारे उरल्यावरच रोडगे त्यात ठेवावेत. जाळात ठेवल्यास वरून करपतात व आतून कच्चे राहतात. फिरवत भाजून, राख झटकून, फोडून वर तूप सोडतात. सोबत तुरीचे वरण आणि परसातील वांग्यांची झणझणीत भाजी. शहरातील घरी हेच गोळे ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटांत भाजून निघतात. मधे एकदा उलटावे लागतात.

कोहळे पिकले की बोंडे होतात. किसलेले कोहळे गुळाबरोबर शिजवून, थंड झाल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक आणि वेलची घालून लहान बोंडे मंद आचेवर तळतात. गुळाचे पाणी पूर्ण आटलेले असावे, अन्यथा बोंडे तेल पितात.

कैरी : तक्कू आणि पन्हे

किसलेली कैरी, कांदा, गूळ, तिखट, मीठ आणि वर फोडणी एवढ्यावर तक्कू तयार होतो. पन्ह्यासाठी कैरी निखाऱ्यात भाजून गर काढावा. त्यात गूळ, मीठ व जिरेपूड घालावी. घामावाटे गेलेले पाणी व मीठ त्यातून काही प्रमाणात भरून निघते. तथापि पन्हे हा उष्माघातावरील उपचार नव्हे. अंग तापून शुद्ध हरपत असल्यास रुग्णाला सावलीत घेऊन अंग ओले करावे आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही ओतू नये.

खुला आणि वड्या

उन्हाळ्यातील भाजी पावसाळ्यातही कामी येते. आषाढात रोवणी सुरू झाली की घरातील बायका सकाळीच बांधीत उतरतात. भाजी तोडायला, निवडायला वेळ नसतो. तेव्हा डब्यातील वांग्याच्या खुला (वाळवलेल्या फोडी), वाळलेली गवार आणि वड्या घर चालवतात.

फोडी एकसारख्या पातळ कराव्यात. मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून निथळल्यास रंग टिकतो. मग स्वच्छ कापडावर पसरून, वर पातळ फडके घालून उन्हात वाळवाव्यात आणि रात्री घरात घ्याव्यात. फोड वाकवली असता कटकन मोडली, तरच ती डब्यात भरावी. जरा जरी ओल राहिली तर पावसाळी हवेत बुरशी धरते. बुरशी आलेली भाजी झटकून वापरू नये; सगळा डबा टाकून द्यावा.

कडू लवकी : चव आधी, भाजी नंतर

घरची भाजी म्हणजे निर्धोक, हा समज एका बाबतीत महागात पडू शकतो. लवकी, काकडी, दोडका या वेलवर्गीय फळांत 'कुकुरबिटासिन' नावाची कडू द्रव्ये असतात. कडक ऊन आणि पाण्याचा ताण पडला की त्यांचे प्रमाण वाढू शकते. म्हणजे मे महिन्यातील तहानलेल्या वेलीचे फळ अधिक जपून वापरावे लागते. देशात कडू दुधीच्या रसाने उलट्या, रक्तस्राव व मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रश्नाचा अभ्यास करून, रस काढण्यापूर्वी फळाची लहान फोड चाखावी व कडू लागल्यास फळ टाकून द्यावे, असा सल्ला दिला आहे.

शिजवल्याने हा दोष जात नाही. गूळ किंवा मसाला घालून कडवटपणा झाकणे तर अधिकच घातक. खाल्ल्यानंतर मळमळ, पोटदुखी वा उलटी सुरू झाल्यास घरगुती उपाय करत बसू नये. डॉक्टरांना गाठून काय खाल्ले ते स्पष्ट सांगावे. बाजारातील फळापेक्षा घरचे फळ टाकताना जीव अधिक हळहळतो, कारण त्याला घरातले पाणी वाचवून घातलेले असते. तरीही कडू निघालेली लवकी ताटात नव्हे, खतखड्ड्यातच जायला हवी.