इ. स. २०२० : व्हिडिओ गेमच्या इतिहासातील एक वर्ष व पुणे जिल्हा

व्हिडिओ गेमच्या धंद्याचा इतिहास सांगताना अमेरिकेतील १९८३ च्या मंदीचा उल्लेख सर्वत्र केला जातो. पुणे जिल्ह्यापुरते पाहता तो मान २०२० या सालाला द्यावा लागेल. त्या वर्षी अवघ्या चोवीस दिवसांच्या अवधीत तीन घटना घडल्या. आणि शिरूर व दौंड तालुक्यांतील खेळणाऱ्यांपर्यंत, माझ्या समजुतीप्रमाणे, त्यांपैकी एकच पोहोचली.

१८ ऑगस्ट रोजी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध झाला. हरवलेल्या भावाच्या शोधार्थ निघालेल्या मुलीची ही कथा. तीतील वास्तू राजस्थानी वळणाच्या, चित्रे पहाडी शैलीस जवळची. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा प्रयत्न फसला असताही कर्त्यांनी काम तडीस नेले, आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्यास नामांकन मिळाले. १० सप्टेंबर रोजी यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मालिकेतील २००३ च्या खेळाची नवी आवृत्ती आपल्या पुणे व मुंबई येथील शाखा घडवीत असल्याचे जाहीर केले. (२०२२ मध्ये ते काम माँट्रियलकडे गेले, ही गोष्ट निराळी.)

या दोहोंच्या दरम्यान, २ सप्टेंबर रोजी, केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९अ अन्वये ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत ‘पबजी मोबाइल’ होता.

शिरूर नगर रस्त्यावर, दौंड सोलापूरच्या लोहमार्गावर. दोन्ही गावांहून पुण्यास जाऊन दिवसात परतता येते. तरीही पुण्यात घडलेला ‘राजी’ तेथे दूरचाच ठरला. तो प्रथम निघाला निन्टेन्डो स्विच या यंत्रासाठी, आणि ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलेही जात नव्हते. उलट दक्षिण कोरियात जन्मलेला पबजी साध्या फोनवर, फुकट व २०१६ मध्ये जिओ आल्यापासून स्वस्त झालेल्या डेटावर चाले. येथे अंतर मोजावयाचे ते यंत्राच्या किमतीने.

भाषेची साक्षही हीच आहे. इंग्रजी आद्याक्षरांपैकी पहिल्या तिहींचा एक शब्द करावयाचा व चौथे नावानिशी उच्चारावयाचे, अशी या नावाची मूळची विजोड घडण; पण मराठी कानाला तिच्यात ईकारान्त नामच ऐकू आले. म्हणून कागदोपत्री ‘खेळ’ असलेला पबजी बोलण्यात स्त्रीलिंगी झाला : ‘पबजी बंद झाली’. परका शब्द लिंग घेतो तेव्हा तो घरचा झाला असे समजावे. ‘राजी’ला तशी संधी मिळाली नाही, मराठीत तो शब्द अद्याप ‘कबूल, तयार’ याच अर्थी नांदतो.

२ जुलै २०२१ रोजी तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला. त्याचे चार आद्याक्षरांचे ‘बीजीएमआय’ हे रूप छापून येते. शिरूर-दौंडकडील विद्यार्थ्यांच्या तोंडून मला अजून ‘पबजी’च ऐकू येते.